फोन हरवला तर सिम बंद करायची घाई नको

श्रावणातल्या एका रविवारी मंडईत आमच्या हिचा फोन हरवला. रताळी घेतली, सुटे पैसे काढायला पर्स उघडली, आणि गर्दीतून बाहेर पडल्यावर लक्षात आलं की दोन्ही हातांत पिशव्या आहेत, फोन नाही. मी चौदा वेळा रिंग दिली. फोन सायलेंटवर. शेजारचे एक काका म्हणाले, "आधी सिम बंद करा, नाहीतर खातं साफ होईल." मी लगेच कस्टमर केअरला फोन लावला. नशीब माझं, तिकडे नुसतं संगीतच वाजत राहिलं. तेवढ्यात लेकीनं घरच्या लॅपटॉपवरून फोन वाजवला आणि रताळेवाल्या मावशींच्या ओल्या पोत्याखालून ठणाणा सुरू झाला.

सिम बंद झालं असतं तर त्या फोनचं इंटरनेट गेलं असतं, आणि पोत्याखालचा फोन मुकाच राहिला असता. तेव्हा क्रम महत्त्वाचा.

आधी रिंग द्या

दुसऱ्याच्या फोनवरून रिंग द्या आणि काय होतं ते नीट ऐका. रिंग पूर्ण वाजून थांबते, म्हणजे फोन बहुधा कुठंतरी नुसता पडलाय. पहिल्याच प्रयत्नात स्विच ऑफ आला आणि बॅटरी तर भरपूर होती, मग मात्र तो कुणाच्या तरी हातात आहे असं धरून चाला. कुणी उचललाच तर दमदाटी करू नका. रिक्षावाले, कंडक्टर, दुकानदार बऱ्याचदा तुमच्या फोनचीच वाट बघत असतात. पुण्याच्या पीएमपी बसमध्ये राहिला असेल तर तिकीट फेकू नका. मार्ग आणि वेळ सांगता आली की कंट्रोलरला बस शोधून काढणं सोपं जातं.

मग लांबून वाजवा

अँड्रॉइडवर या सोयीचं नाव आता 'फाइंड हब' आहे, आधी ते 'फाइंड माय डिव्हाइस' होतं. आयफोनवर 'फाइंड माय'. दुसऱ्याच्या अँड्रॉइड फोनवर फाइंड हबमध्ये पाहुणा म्हणून तुमच्या खात्यानं शिरता येतं. आवाज वाजवा म्हटलं की फोन सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं पूर्ण आवाजात वाजतो.

इथं एक गंमत आहे, पण ज्याचा फोन हरवलाय त्याला हसू येत नाही. पासवर्ड टाकला की गूगल विचारतं, 'तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला हो म्हणा.' अहो, तोच तर हरवलाय! यावर दोन उपाय. घरातल्या एखाद्या लॅपटॉपवर किंवा टॅबवर ते खातं कायम उघडं ठेवायचं. आमचं काम त्यामुळेच झालं. नाहीतर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागातून आठ आकडी बॅकअप कोड काढून ठेवायचे. एकदम दहा मिळतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो. कागदावर लिहा, फोनमध्ये नको. आयफोनवाल्यांना हा त्रास नाही: आयक्लाउडच्या संकेतस्थळावर फोन शोधायला दुसरा कोड लागत नाही.

नकाशावरच्या ठिपक्यावर फार विसंबू नका. पेठांमध्ये वाडे आणि इमारती इतक्या खेटून आहेत की ठिपका शेजारच्या जिन्यावर दिसू शकतो. लोकांची दारं वाजवत फिरू नका. ठिपका हडपसरकडे पळत सुटला तर मागे एकट्यानं गाडी घालू नका, ११२ ला कळवा.

सापडेपर्यंत फोन तिथूनच लॉक करा आणि स्क्रीनवर घरच्या कुणाचा तरी नंबर टाका. सगळा डेटा पुसण्याचा पर्याय अगदी शेवटी. अँड्रॉइड फोन पुसला की फाइंड हबमधून तो शोधता येत नाही.

हिसकावला असेल तर क्रम उलटा

उघडा फोन हातातून ओढून नेला असेल तर शोधाशोध नंतर. आधी सिम बंद, मग बँकेच्या हेल्पलाइनवर यूपीआय आणि कार्ड बंद. पैसे गेलेच असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

तक्रार आणि सीईआयआर

फोन नुसता हरवला असेल तर पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये घरबसल्या नोंद होते. चोरी असेल तर ठाण्यात जा आणि अर्जात स्पष्ट 'चोरीला गेला' असं लिहा. 'गहाळ' या शब्दावर गुन्हा दाखल होत नाही. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. पण चोरी तिकडे झाली म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात होतो.

त्याच नंबरचं नवं सिम घ्या. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणून ओटीपीची वाट बघत बसू नका. दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर सीईआयआरमध्ये, म्हणजे हरवलेले फोन बंद करायच्या सरकारी यंत्रणेत, फोन ब्लॉक करा. तक्रारीची प्रत, ओळखपत्र, बिल आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा. ही सोय महाराष्ट्रात २०१९ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आली आणि २०२३ पासून देशभर आहे. ब्लॉक झालेला फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, आणि त्यात कुणी सिम घातलं तर माग लागतो. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. फोन परत मिळाल्यावर त्याच क्रमांकानं अनब्लॉक करावा लागतो, नाहीतर हातात आलेला फोन नुसता डबा.

काही दिवसांनी 'तुमचा आयफोन सापडला, इथे क्लिक करा' असा मेसेज आला तर हुरळून जाऊ नका. चोराला तुमचा पासवर्ड हवा असतो. आणि कुणी कितीही सांगितलं तरी तो फोन आपल्या खात्यातून काढू नका.

आयएमईआय पंधरा आकडी असतो, दोन सिमच्या फोनला दोन. तो खोक्यावर आणि बहुतेक वेळा बिलावरही छापलेला असतो, पण खोकं आपण दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिलेलं असतं. फोन हातात असतानाच *#०६# दाबा, आकडा लगेच दिसतो. आमच्याकडे तो आता दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेला आहे. वर हिचा, खाली माझा.