लघवीला जळजळ होतेय? आधी नेमकं कुठे जळतंय ते ओळखा

उन्हं तापली की सांगलीकडं घरोघरी कुणाला ना कुणाला उन्हाळी लागते आणि धण्या-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. ते जरूर प्या. पण तरुण मुलींच्या जळजळीमागे दोन वेगळी दुखणी असू शकतात, लघवीच्या मार्गाचं किंवा योनिमार्गाचं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

म्हणून आधी जागा ओळखा. लघवी होताना आत आग होते, सारखं जावंसं वाटतं, गेलं तर चार थेंब होतात, ओटीपोट दुखतं, लघवी गढूळ किंवा लालसर दिसते. तर बहुधा मूत्राशयात जंतुसंसर्ग आहे. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंमी असतो, त्यामुळे ई. कोलाय हा आतड्यातला जंतू सहज वर चढतो. लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर चुरचुरत असेल, खाजही असेल, तर दुखणं बहुधा योनिमार्गाचं.

मग अंगावरून काय जातंय ते बघा. दह्यासारखं घट्ट, फारसा वास नाही पण खाज जीव नकोसा करते, ही बुरशी. पातळ, करडं, माशासारखा वास, म्हणजे तिथल्या चांगल्या-वाईट जंतूंचा तोल बिघडला. पिवळट-हिरवं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास या परजीवी जंतूची शंका. तो शरीरसंबंधातून येतो, औषध जोडीदारालाही लागतं. आणि दोन पाळ्यांच्या मध्यावर तार सुटेल असं पारदर्शक किंवा पाळीआधी थोडं पांढरं जाणं हे दुखणंच नाही. हाडं झिजून पांढरं जातं, हे तर अजिबात खरं नाही.

कळकळीची विनंती: मेडिकलमधून मागच्या वेळची अँटिबायोटिक आणून घेऊ नका. बुरशीवर ती चालत नाही. उलट योनीतले चांगले जंतू मरतात आणि बुरशी फोफावते. योनीच्या आत साबण, डेटॉलही नको. बाहेरून साधं पाणी पुरतं.

लघवी तपासायची तर गोळी सुरू करण्याआधीच. लॅबमधून निर्जंतुक डबी घ्या, हात धुवा, जागा पुढून मागे पाण्यानं स्वच्छ करा. पहिली धार सोडून द्या आणि धार न थांबवता मधली लघवी डबीत धरा. डबीच्या आत बोट लागू देऊ नका. नमुना तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. अंगावरचं त्यात मिसळलं तर रिपोर्टमध्ये पस सेल्स (पूच्या पेशी) वाढलेल्या दिसतात आणि भलताच उपचार होतो.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओटीपोटात जोरात दुखून ताप आला तरी तसंच. पाळी चुकली असेल तर ते आधी सांगा. गरोदरपणात औषधं बदलतात.

पलूस-तासगावहून एसटीनं येणाऱ्या कितीतरी मुली स्टँडवरचं संडास नको म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांचा काय दोष? तरी पाणी तोडू नका आणि लघवी तुंबवू नका. कॉलेजात पोचल्या पोचल्या जाऊन या.

सिव्हिलमध्ये जा किंवा खासगीत, चार गोष्टी सांगा: कुठे जळतं, कधीपासून, अंगावरून कसं जातं, शेवटची पाळी कधी. शरीरसंबंध आले असतील तर तेही. आईसमोर बोलता येत नसेल, तर "डॉक्टर, मला एकटीला बोलायचंय" असं सरळ म्हणा.