थंडीतलं मॅकरोनी चीज: चीज गॅस बंद केल्यावरच घाला

परभणीत डिसेंबरात अशी थंडी पडायली की सकाळी बादलीत हात घालवत नाही, कृषी विद्यापीठात मोजलेलं तापमान पेपरात येतं आणि ते एक आकडी झालं की आमच्याकडं संध्याकाळी मॅकरोनी चीज ठरलेलं. ओव्हन लागत नाही, एक पातेलं आणि एक जाड बुडाची कढई बास.

चार जणांना 200 ग्रॅम मॅकरोनी, 40 ग्रॅम बटर, तीन चमचे मैदा, अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त दूध आणि चीजचे 6 क्यूब, म्हणजे 150 ग्रॅम. अमेरिकेत 1937 साली मंदीच्या काळात क्राफ्टनं याचा तयार डबा काढला तोही 19 सेंटात चार जणांचं जेवण म्हणूनच. पण घरी केलेल्याची सर डब्याला नाही.

मॅकरोनी मिठाच्या पाण्यात उकळा आणि पाकिटावर लिहिल्यापेक्षा दोन मिनिटं आधीच उतरवा, ती सॉसमध्ये अजून शिजते. चाळणीत ओतायच्या आधी वाटीभर पाणी काढून ठेवा, आणि गार पाण्यानं धुवू नका, धुतली की वरचा पिठूळपणा जातो मग सॉस नीट धरत नाही.

आता सॉस. मंद आचेवर बटर वितळवून त्यात मैदा दोनेक मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग बदलू द्यायचा नाही. मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ मी घालून बघितलंय, रवाळ लागतं, त्यामुळं इथं मैदाच घ्या. मग गार दूध घाला, पण एकदम नाही, आधी अर्धी वाटी घालून घोटायचं, गुळगुळीत झालं की पुढचं, असं केलं की गुठळी होतच नाही. म्हशीचं दूध दाट असतं, सॉस फारच घट्ट व्हायला लागला तर ते बाजूला ठेवलेलं पाणी घाला. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ राहिली पाहिजे.

आणि आता गॅस बंद. खरंच बंद करा, कारण उकळत्या सॉसमध्ये चीज पडलं की त्यातली प्रथिनं आकसतात, तूप सुटतं आणि सगळं कणीदार होतं, एकदा फाटलं की पहिल्यासारखं करणं अवघडच. क्यूब किसून मूठमूठ घाला, सॉसच्या उष्णतेनंच वितळतं. प्रोसेस्ड चीज त्यातल्या त्यात माफ करतं कारण ते फाटू नये म्हणून त्यात क्षार घातलेले असतात. चेडर मिळालं तर अर्धं तेच घ्या, चव लई खुलते. नुसतं मोझरेला मात्र नको, तारा सुटतात, सॉस होत नाही.

मिरपूड, चिमूटभर जायफळ, पाव चमचा मोहरीची पूड, मीठ सगळ्यात शेवटी चाखून, कारण चीज खारट असतंच. मग मॅकरोनी मिसळा, आणि सॉस थोडा पातळ वाटला तरी तसाच राहू द्या, ताटात येईपर्यंत आळतो.

वरून टोस्टचा चुरा बटरमध्ये लालसर परतून घाला, ओव्हनचा कुरकुरीतपणा तिथंच मिळतो. आमचे बाबा फिकं खात नाहीत, म्हणून ताटात शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा लागतोच. सॉसमध्ये कालवू नका, घासाला लावून खा, दूध-चीजवर लसणाचा तिखट झटका फार छान बसतो.

उरलं तर सकाळी दुधाचा शिपका मारून झाकण ठेवून अगदी मंद आचेवर गरम करा, मोठ्या आचेवर केलं की तूप परत सुटतं.