बुखोल्झचा अलार्म आल्यावर: ट्रान्सफॉर्मरमधील वायू कसा पकडावा आणि कसा वाचावा

कागदोपत्री ज्याला रोहित्र म्हणतात आणि कामावर सगळेच ज्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतात, त्याच्या पोटात दोष सुरू झाला की तो बरेच दिवस बाहेर दिसत नाही. व्होल्टेज ठीक असते, लोड ठीक असतो, तेलाचे तापमानही नेहमीचेच असते. पण आत एखादा सांधा ढिला झालेला असतो, कोअरमधून (लोखंडी गाभ्यातून) नको तिथे प्रवाह फिरत असतो किंवा वाइंडिंगवरचा (तारांच्या गुंडाळीवरचा) कागद हळूहळू करपत असतो. अशा जागी भोवतालच्या तेलाचे रेणू तुटतात आणि त्यातून हायड्रोजन, मिथेन, इथेन, इथिलीन व ॲसिटिलीन हे वायू निघतात. कागद जळत असेल तर त्यांच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडही येतात. वायू सावकाश निघत असेल तर तो तेलातच विरघळून जातो; वेगाने निघू लागला तर तेलाला तो मावत नाही आणि बुडबुडे वर चढतात. विरघळलेला वायू प्रयोगशाळेत सापडतो, बुडबुडे बुखोल्झ रिलेमध्ये, म्हणजे टाकीवरच्या नळीत बसवलेल्या वायू पकडणाऱ्या संरक्षक उपकरणात सापडतात. दोष ओळखायचा तर या दोन्ही जागा नीट वाचता आल्या पाहिजेत.

रिले आधी तपासून ठेवा

मॅक्स बुखोल्झ या जर्मन अभियंत्याने १९२१ साली शोधलेला हा रिले मुख्य टाकी आणि कॉन्झर्व्हेटर (तेल फुगायला जागा देणारी वरची छोटी टाकी) यांना जोडणाऱ्या नळीत बसतो. त्यात दोन भाग काम करतात. वरचा फ्लोट साचलेल्या वायूमुळे तेलाची पातळी उतरली की खाली येतो आणि अलार्म देतो. खालच्या भागात फ्लोट आणि त्याला जोडलेली झडप असते; मोठ्या दोषाने तेलाचा लोंढा कॉन्झर्व्हेटरकडे धावला की ही झडप ढकलली जाते आणि ट्रान्सफॉर्मर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. तेल गळून पातळी फारच उतरली, तर तोच फ्लोट पडतो. अलार्म साधारणपणे २०० ते ३०० घन सेंटिमीटर वायू साचल्यावर येतो, मात्र हा आकडा रिलेच्या आकारानुसार बदलतो, म्हणून आपल्या रिलेचे माहितीपत्रक पाहूनच तो नोंदवून ठेवावा.

रिलेवरचा बाण कॉन्झर्व्हेटरकडे आहे ना, हे पहिल्यांदा पाहावे. नळीला टाकीपासून कॉन्झर्व्हेटरपर्यंत सतत चढ हवा. मध्ये कुठेही पोट पडले किंवा कमान आली, तर बुडबुडे तिथेच अडकतात आणि रिलेला काही कळत नाही. बुशिंगच्या (वीजवाहक टाकीबाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरच्या) टरेटमधून, म्हणजे त्याच्या बुडाच्या उंचवट्यातून येणाऱ्या वायूच्या नळ्याही याच मुख्य नळीला जोडलेल्या असाव्या लागतात, अन्यथा टरेटखाली साचलेला वायू तिथेच राहतो. टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरल्यामुळे आलेले खोटे ट्रिप इतक्या वेळा ऐकले आहेत, की त्या बॉक्सचे गॅस्केट आणि केबल ग्लँड पावसाळ्यापूर्वी उघडून पाहणे मला रिले तपासण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

अलार्म आल्यावर

पाळीवरच्या माणसाचा हात अलार्म येताच वरच्या कॉककडे जातो. वायू सोडला की फ्लोट वर येतो, अलार्म बंद होतो आणि रात्र शांत जाते. पण त्या एका हालचालीने दोषाचा एकमेव मोकळा पुरावा हवेत उडून जातो. म्हणून कॉकला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी लिहून काढाव्यात: अलार्मची वेळ, त्या क्षणीचा लोड, तेल व वाइंडिंगचे तापमान, आणि रिलेच्या काचेवरच्या खुणांवरून साचलेल्या वायूचे आकारमान. पुन्हा अलार्म आला तर दोन अलार्ममधल्या काळावरून वायू निघण्याचा वेग काढता येतो, आणि हा वेग पुढच्या प्रत्येक निर्णयात लागतो. दोन अलार्ममधले अंतर दर वेळी कमी होत असेल, तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता ट्रान्सफॉर्मर बंद करावा.

रिले टाकीच्या माथ्यावर, चालू बुशिंगच्या जवळ असतो. वायू गोळा करण्याची नळी खाली जमिनीपर्यंत आणलेली असेल, तर चालू ट्रान्सफॉर्मरचा नमुना घेता येतो. नसेल तर परमिट घेऊन, ट्रान्सफॉर्मर बंद व अर्थ करूनच वर चढावे. कॉकशी काडी पेटवून वायू जळतो का हे पाहण्याची जुनी रीत काही ठिकाणी अजून सांगितली जाते. तसे करू नये. हायड्रोजन आणि ॲसिटिलीन या दोन्ही वायूंचा हवेशी स्फोटक संयोग होतो, आणि ज्या जागी आपण काडी ओढतो तिथून हातभर खाली तेलाने भरलेली टाकी असते.

वायू गच्च बसणाऱ्या काचेच्या सिरिंजमध्ये घ्यावा. सिरिंजला तीन तोंडांचा कॉक लावावा, जोडनळीतली हवा आधी थोड्या वायूने हाकलून द्यावी आणि मग सावकाश नमुना भरावा. रंगावरून दोष ओळखण्याचा एक ढोबळ ठोकताळा आहे: पांढुरका वायू कागद किंवा प्रेसबोर्डचा, पिवळसर लाकडाचा, काळपट तेलाचा. तो अंदाजापुरता ठीक आहे, निदानासाठी नाही. सिल्व्हर नायट्रेटची चाचणी थोडी अधिक बोलकी असते. साध्या द्रावणातून वायू सोडल्यावर पांढरा साका बसला तर ॲसिटिलीन असण्याची, म्हणजे तेलात ठिणगी किंवा आर्क झाल्याची शक्यता दिसते. अमोनिया घातलेल्या द्रावणात तपकिरी ते काळा साका आला तर कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे कागद जळल्याचा संशय येतो. चाचणीनंतर भांडी लगेच धुवावीत, कारण वाळलेला सिल्व्हर ॲसिटिलाइड स्फोटक असतो, आणि अमोनियायुक्त द्रावणही साठवून ठेवू नये.

वायू रंगहीन, गंधहीन असेल आणि तपासणीत त्यात ऑक्सिजन व नायट्रोजन हवेइतकेच निघाले, ज्वलनशील वायू मात्र जवळजवळ नसले, तर ती हवाच आहे. नुकतेच तेल भरले किंवा फिल्टर केले असेल, पंपाच्या शोषणाच्या बाजूचे गॅस्केट खराब असेल, तर अशी हवा येत राहते. तेव्हा दोष वाइंडिंगमध्ये न शोधता पंपापाशी शोधावा.

तेलाचा नमुना

मोकळ्या वायूबरोबर त्याच दिवशी तेलाचाही नमुना घ्यावा. टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हमधून आधी दोन-एक लिटर तेल वाहू द्यावे, कारण व्हॉल्व्हच्या तोंडाशी साचलेल्या तेलाचा आतल्या तेलाशी फारसा संबंध उरलेला नसतो. व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी त्या जागी बाहेरच्यापेक्षा जास्त दाब आहे याची खात्री करावी. आत शोषण असेल तर हवा टाकीत शिरते आणि तिचा बुडबुडा चालू वाइंडिंगपर्यंत जाऊ शकतो. सिरिंज एकदा तेलाने विसळून ते तेल टाकून द्यावे. मग दट्ट्या हाताने न ओढता तेलाच्या दाबानेच मागे सरकू द्यावा, कारण ओढले की तेलातला वायू सुटून बाहेर येतो.

नमुना भरताना हवेचा बुडबुडा आला तर सिरिंज उभी धरून तो बाहेर काढावा. पण कॉक बंद केल्यानंतर, तेल थंड होताना जो बुडबुडा दिसू लागतो, तो नमुन्यातलाच वायू असतो आणि त्याला अजिबात हात लावू नये. प्रयोगशाळेने तो हिशेबात धरायचा असतो. हा फरक न कळल्यामुळे कित्येक नमुन्यांतला हायड्रोजन वाटेतच जातो. सिरिंज उजेडापासून जपावी, दट्ट्या मोकळा हलू शकेल अशी ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर पाठवावी. चिठ्ठीवर तारखेबरोबर तेलाचे तापमान, लोड, नमुना घेतल्याची जागा आणि तेल शेवटचे कधी फिल्टर केले हे लिहावे. फिल्टर केलेल्या तेलातला वायू निघून गेलेला असतो, त्यामुळे ही शेवटची नोंद नसेल तर चांगला अहवालही दिशाभूल करतो.

आकडे वाचताना

प्रत्येक वायू आपापल्या तापमानाला निघतो. तेलातल्या मंद आंशिक विसर्जनातून (पार्शल डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशनच्या थोड्याच भागात होणाऱ्या बारीक ठिणग्यांतून) मुख्यतः हायड्रोजन येतो. ३०० अंश सेल्सिअसच्या आतल्या तापण्याने मिथेन व इथेन येतात, त्यापुढे इथिलीन वाढत जाते, ७०० अंशांच्या वर इथिलीनचेच राज्य असते आणि सोबत थोडे ॲसिटिलीन दिसू लागते. ॲसिटिलीन भरपूर असेल तर ते आर्कचे लक्षण आहे. आयईसी ६०५९९ या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकात तीन गुणोत्तरांवरून दोष ओळखतात: ॲसिटिलीन भागिले इथिलीन, मिथेन भागिले हायड्रोजन, आणि इथिलीन भागिले इथेन.

समजण्यासाठी एक रचलेले उदाहरण घेऊ. तीन महिन्यांपूर्वीच्या नमुन्यात हायड्रोजन ४०, मिथेन ६०, इथेन ३०, इथिलीन ९० आणि ॲसिटिलीन ०.५ पीपीएम (दशलक्ष भागांतले भाग) होते. आता तेच अनुक्रमे १५०, ३८०, १२०, ६२० आणि ८ झाले आहेत. कार्बन मोनॉक्साइड ४२० वरून ४३० वर आणि कार्बन डायऑक्साइड ३९०० वरून ३९५० वर गेला आहे. पहिले गुणोत्तर ०.०१३, दुसरे २.५, तिसरे ५.२. पहिले ०.२ पेक्षा कमी, दुसरे १ पेक्षा जास्त आणि तिसरे ४ पेक्षा जास्त असेल तर मानकानुसार तो ७०० अंशांच्या वरचा उष्णतेचा दोष, म्हणजे टी ३. मिशेल ड्यूव्हाल यांच्या त्रिकोणात, म्हणजे तीन वायूंच्या टक्केवारीवरून दोषाचा प्रकार दाखवणाऱ्या आलेखात, मिथेन, इथिलीन व ॲसिटिलीन यांची टक्केवारी अनुक्रमे सुमारे ३७.७, ६१.५ आणि ०.८ येते, आणि तो बिंदूही टी ३ च्याच भागात पडतो. कार्बनचे दोन्ही ऑक्साइड जवळजवळ हललेले नाहीत, त्यामुळे कागदाला झळ लागल्याचे दिसत नाही. उघडा धातू तापतो आहे: बोल्ट केलेला सांधा, टॅप चेंजरचा (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या स्विचचा) संपर्क किंवा कोअरमधून फिरणारा प्रवाह. तपास तिथून सुरू करावा. कोअरचे अर्थिंग बाहेर आणलेले असेल तर त्यातला प्रवाह मोजणे हे सर्वांत स्वस्त आणि सोपे पहिले पाऊल आहे.

आता वेग पाहू. टाकीत ५०,००० लिटर तेल असेल, तर इथिलीनची ५३० पीपीएम वाढ म्हणजे २६.५ लिटर वायू, म्हणजे दिवसाला जवळजवळ ३०० मिलिलिटर, तोही एकट्या इथिलीनचा. एवढा वायू तेलात विरत राहिला, म्हणून बुखोल्झ गप्प राहिला. मर्यादेचे तक्ते पाहून सुटकेचा श्वास सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तक्त्यातल्या आकड्यांच्या आत असलेला पण दर आठवड्याला चढणारा वायू, त्या आकड्यांच्या बाहेर असलेल्या पण वर्षानुवर्षे स्थिर वायूपेक्षा जास्त काळजीचा असतो. गुणोत्तरेही वायू पुरेसे असतील तेव्हाच काढावीत. दोन-चार पीपीएमच्या आकड्यांचे भागाकार कसलाही दोष दाखवू शकतात.

काही फसव्या गोष्टी माहीत असाव्यात. टॅप चेंजरचे तेल मुख्य टाकीत किंवा कॉन्झर्व्हेटरमध्ये झिरपत असेल, तर तिथल्या रोजच्या ठिणग्यांचे ॲसिटिलीन मुख्य तेलात येते. ॲसिटिलीन हायड्रोजनच्या दोन-तीन पटींहून जास्त असेल तर आधी ही गळती तपासावी. काही तेले नवी असताना, दोष नसतानाही, हायड्रोजन व मिथेन सोडतात. कागदाबाबत कार्बन डायऑक्साइड भागिले कार्बन मोनॉक्साइड हे गुणोत्तर ३ च्या खाली गेले तर कागद करपण्याचा संशय धरावा, पण ते दोन नमुन्यांमधल्या वाढीवरून काढलेले बरे, कारण जुन्या कागदाचे आधीचे वायू आकडे झाकून टाकतात.

मोकळा वायू आणि तेल यांची तुलना

रिलेतला वायू आणि तेलातला वायू एकमेकांशी ताडून पाहिले, की दोष हळू वाढला की अचानक आला हे कळते, आणि हे काम फार कमी ठिकाणी केले जाते. २० अंश सेल्सिअसला हायड्रोजनचा विद्राव्यता गुणांक (समतोलात तेलातले प्रमाण भागिले वरच्या वायूतले प्रमाण) सुमारे ०.०५ आहे आणि इथिलीनचा सुमारे १.७. रिलेतल्या वायूत ५० टक्के, म्हणजे ५,००,००० पीपीएम हायड्रोजन असेल, तर समतोल साधायला तेलात २५,००० पीपीएम हवा. तेलात प्रत्यक्षात ३०० च निघाला, तर वायूला तेलात विरायला वेळच मिळालेला नाही. तो झपाट्याने सुटला आणि सरळ वर आला. अशा वेळी ट्रान्सफॉर्मर चालू असेल तर बंद करावा. दोन्ही बाजूंचे हिशेब जवळपास जुळले, तर वायू सावकाश निघून तेल वायूने भरत आले आहे असे समजावे.

ट्रिप झाला असेल तर

ट्रिपबरोबर रिलेत ज्वलनशील वायू सापडला, किंवा डिफरन्शियल रिलेही (आत जाणारा व बाहेर येणारा प्रवाह ताडणारा रिले) चालला, तर ट्रान्सफॉर्मर पुन्हा चार्ज करून (पुरवठ्याला जोडून) पाहू नये. वाइंडिंगचा रोध, टर्न रेशो, इन्सुलेशनचा रोध, चुंबकन प्रवाह, टॅन डेल्टा (इन्सुलेशनमधला वीजऱ्हास) आणि स्वीप फ्रिक्वेन्सी चाचणी (वाइंडिंग सरकली का हे दाखवणारी) यांचे आकडे जुन्या नोंदींशी ताडल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. वायू अजिबात नसेल, तर बाहेरच्या जवळच्या शॉर्ट सर्किटमुळे तेल हेलावले का, पंप एकदम सुरू झाले का, केबलमध्ये पाणी आहे का, हे पाहावे; तरीही तेलाचा नमुना घ्यायचाच, आणि आर्कचे वायू पूर्ण टाकीत पसरायला वेळ लागतो म्हणून चार्ज करण्याआधीच्या एका नमुन्यावर थांबायचे नाही. चार्ज केल्यावर पहिल्या २४ तासांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने नमुने घ्यावेत, आणि ते त्याच व्हॉल्व्हमधून, शक्यतो त्याच प्रयोगशाळेकडे जावेत.