कयाकमधून शूटिंग करताय? काच कोरडी ठेवायचा नाद सोडा

वॉटरप्रूफ कॅमेरा म्हणजे आत पाणी जाणार नाही, एवढीच हमी. काचेवर पाणी बसणार नाही असं कोणी लिहून देत नाही, आणि सगळी बोंब तिथेच आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात दुपारी वारा सुटला की लाटा कयाकच्या, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीच्या, टोकावरून थेट छातीवर येतात. संध्याकाळी मोठ्या हौसेने व्हिडिओ लावावा, तर मधोमध एक पांढुरका डाग आणि त्याच्या मागे कुठेतरी वैनगंगा.

तुम्हाला कयाक चालवता येते, उलटली तर बाहेर पडता येतं आणि लाइफ जॅकेट अंगात आहे, हे धरून चालतो. धरणाची दारं उघडलेली असताना खालच्या पात्रात उतरायचं नाही. हा लेख वाऱ्याच्या लाटांसाठी आहे, पुरासाठी नाही.

बॅटरी आणि कार्ड घरीच भरा आणि कॅमेऱ्याचं दार घरीच लावा. दाराच्या रबरावर एक केस किंवा रेतीचा एक कण राहिला तरी पाणी वाट काढतं, म्हणून उजेडात धरून बघा. दार कुठल्या खोलीत लावता यालाही महत्त्व आहे. कूलरच्या खोलीत नको! कूलरची हवा ओली असते. ती आत कोंडली गेली की बाहेरून गार पाणी लागताच काचेला आतून वाफ धरते, आणि ती पुसायला बोट जात नाही. पावसाळ्यात काठावर दार उघडलं तरी हेच होतं. जुन्या सल्ल्यांमध्ये कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ डब्यात ओल शोषणारी सिलिकाची पुडी टाका असं असतं. ते वेगळा डबा लागायचा तेव्हाचं. २०१६च्या हीरो ५ या मॉडेलपासून गोप्रोचे बहुतेक कॅमेरे डब्याशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, त्यात पुडी ठेवायची कुठे?

मोबाईलवर भागवणाऱ्यांसाठी एकच वाक्य: आयपी६७ म्हणजे स्थिर, साध्या पाण्यात १ मीटर खोल, ३० मिनिटं, आणि लाट काही स्थिर नसते.

कॅमेरा हेल्मेटवर लावा. छातीवर लावला तर प्रत्येक लाट काचेवर फुटते, कयाकच्या पुढच्या भागावर लावला तर त्याहून वाईट. शिवाय कयाकच्या खरबरीत प्लास्टिकवर सक्शन कप टिकत नाही आणि चिकटपट्टीही नीट धरत नाही. कॅमेऱ्याची दोरी गळ्यात कधीच अडकवू नका. ढिवर बांधवांची जाळी, बुडालेली झुडपं, स्वतःचं पॅडल, उलटल्यावर ती कशातही अडकते. कॅमेरा हेल्मेटला बांधायचाच तर जोराचा हिसका बसला की तुटेल अशा बारीक दोऱ्याने बांधा आणि कॅमेऱ्याला भडक रंगाचा फोमचा तुकडा लावा, कारण कॅमेरा स्वतः तरंगत नाही.

सेटिंग सोपं: सेकंदाला ६० फ्रेम, स्टॅबिलायझेशन चालू, स्क्रीन लॉक. ओल्या बोटाला स्क्रीन ऐकत नाही आणि पाण्याचे थेंब भलतीच बटणं दाबतात. रेकॉर्डिंग काठावरच सुरू करा.

आता काच. या एका पायरीने मला सगळ्यात जास्त छळलं, कारण जो भेटेल तो 'कोरडी ठेव' म्हणायचा. लाटांमध्ये काच कोरडी राहूच शकत नाही. पुसली की पुढच्या लाटेला पुन्हा ओली, आणि पुसताना तिला बोटाचं सनस्क्रीन नाहीतर दुपट्ट्याचा घाम लागलेला. तेलकट काचेवर पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसतं. स्वच्छ काचेवर तेच पाणी सपाट पसरतं, आणि त्या पातळ थरातून चित्र जवळपास साफ येतं. म्हणून काच पुसायची नाही, सगळीच्या सगळी ओली करायची.

ती अशी. घरून निघताना भांड्याच्या पातळ केलेल्या साबणाने काच हलक्या हाताने धुवा, घासू नका. काठावर पोचलात की काच चाटा. हो, जिभेने. लाळेचा थर सगळीकडे, कडेपर्यंत लागला पाहिजे. मग न पुसता कॅमेरा एकदा पाण्यात बुडवून वर काढा. थेंब दिसले नाहीत तर जमलं. एखाद्या कोपऱ्यात पाणी गोळा होत असेल तर तिथे तेल राहिलंय, पुन्हा चाटा. पाणबुडे मास्कच्या काचेवर थुंकतात, त्यामागेही हेच कारण. किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब पाण्यात कालवून लावा, पण तो लाळेइतका हाताशी नसतो.

गाडीच्या काचेला लावायचं पाणी झटकणारं औषध कॅमेऱ्याला फासू नका, कोणी कितीही छातीठोक सांगो. गाडीला वेग असतो, म्हणून वाऱ्याने थेंब उडतात. कयाकवर ते आणखी गोल होऊन जागच्या जागी ठाण मांडतात. टूथपेस्ट तर मुळीच नको, ओरखडे पडतात.

पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात काच वाळली की थेंबाच्या जागी मातीचं कडं उरतं. तेव्हा मधेच चाटू नका, ते पाणी पोटात जायला नको. आधी प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतून काच धुवा, मग जीभ लावा.

हे सगळं लाटेत करायचं नाही, तिथे दोन्ही हात पॅडलवरच. झाडोऱ्याच्या किंवा काठाच्या आडोशाला या, पॅडल मांडीवर आडवं ठेवा, हेल्मेट काढून काच समोरून बघा. स्क्रीन उन्हात दिसत नाही, काच दिसते. बुडवा, दोन क्षण पाणी निथळू द्या आणि परत जा. सूर्य शक्यतो पाठीशी ठेवा. समोरून ऊन आलं की लहानसा थेंबही चमकून अर्धी फ्रेम खातो.

मे महिन्यात काठावर थांबलात तर कॅमेरा उन्हात ठेवू नका, तापून बंद पडतो. ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून सावलीत ठेवा. दुपट्ट्याचा कॅमेऱ्याला उपयोग तेवढाच.

घरी आल्यावर दार उघडायच्या आधी कॅमेरा साध्या पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे सांधीतली माती निघते. शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार, काचेवर पांढरे ठिपके राहतात आणि पुढच्या वेळी थेंब नेमके तिथेच धरतात. आरओचं ग्लासभर पाणी ओता, सावलीत वाळू द्या, मगच दार उघडून कार्ड काढा.