झूम लेन्स घरी ठेवली तेव्हा

अनोळखी माणसाला ‘तुमचा फोटो काढू का?’ असे विचारण्याचा संकोच मी वर्षभर झूम लेन्सच्या आड लपवत होतो, आणि त्यामुळे कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर टिपलेले माझे बहुतेक चेहरे पाठमोरे किंवा त्रासलेले येत. अखेर फक्त ५० मिमीची लेन्स घेऊन बाहेर पडलो. माझ्या लहान सेन्सरच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यावर ती ७५ मिमीसारखी वागते, पण झूम नसल्याने समोरच्याच्या जवळ जावेच लागते.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धार काढणाऱ्या एका मामांकडून आधी पेलाभर दूध घेऊन प्यालो, मग विचारले. “काढ की, पण म्हस बुजंल, जरा हिकडं सरून हुबा ऱ्हा,” ते म्हणाले. मागच्या काळोखाला भुलून कॅमेऱ्याने पहिल्या फोटोत चेहरा पांढराफटक केला. एक्स्पोजर एक स्टॉप उतरवले, म्हणजे उजेड निम्मा केला, शटर १/२५० सेकंदावर नेले आणि जवळच्या डोळ्यावर फोकस धरला, तेव्हा कपाळावरचा घामही दिसू लागला. तो फोटो पाहून मामांनी पटका नीट बांधला आणि आणखी एक काढायला लावला (तो अगदीच ताठ आला, मधलाच बरा). आठवड्याने प्रिंट नेऊन दिली, तेव्हा शेजारचे दोघे आपणहून उजेडाकडे तोंड करून उभे राहिले.