बेकायदा शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाली? अपिलाची तयारी त्याच दुपारपासून

गावठी कट्टा सापडला, खटला चालला आणि ठाण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा सुनावली. घरचे लोक तेव्हा ‘मोठा वकील’ शोधत फोन लावत सुटतात. पहिलं काम मात्र त्याच कोर्टात असतं. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर अपील करण्यासाठी तेच कोर्ट त्याला जामिनावर सोडू शकतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४३०). अर्ज लगेच द्या, जामीनदाराला कागदपत्रांसह आधीच बोलावून ठेवा.

मग नकला. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची एक प्रत मोफत मिळते. साक्षी आणि पंचनाम्याच्या नकलांसाठी वेगळा अर्ज करा.

मुदत सत्र न्यायालयासाठी ३० दिवस, उच्च न्यायालयासाठी ६०. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज जोडा, कारण मात्र खरं हवं.

दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर अपील सत्र न्यायालयात, सत्र न्यायालयाच्या निकालावर मुंबई उच्च न्यायालयात. नवी मुंबईकर इथे हमखास गोंधळतात. खारघर, कामोठ्याला पोलीस नवी मुंबईचे, पण जिल्हा रायगड. त्यामुळे तिथल्या खटल्यासाठी ठाण्याला हेलपाटा मारू नका, पनवेल कोर्टात चौकशी करा.

अपिलाचा जीव मुद्द्यांत असतो. ‘गरीब आहे, पहिलाच गुन्हा आहे’ एवढ्यावर दोष पुसला जात नाही. शस्त्र ताब्यात असल्याची आरोपीला जाणीव होती का? चार भाऊ राहतात त्या घरातल्या माळ्यावर कट्टा सापडला, तर तो नेमका कुणाचा? पंच फितूर झाले का? मुद्देमालाचं सील प्रयोगशाळेत पोचेपर्यंत शाबूत होतं का? हत्यार चालू स्थितीत असल्याचा अहवाल आहे का? विनापरवाना शस्त्राच्या खटल्याला शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ची पूर्वमंजुरी लागते. आयुक्तालयाच्या हद्दीत ती पोलीस आयुक्त देतात. हा कागद नीट सिद्ध झाला का, हे वकिलाला आवर्जून बघायला सांगा. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच.

गुन्हा कबूल केला असेल तर दोषावर भांडता येत नाही, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, यावर. तिथे गुन्ह्याची तारीख तपासा. २०१९च्या दुरुस्तीने साध्या विनापरवाना बंदुकीची शिक्षा १ ते ३ वर्षांवरून २ ते ५ वर्षं झाली. गुन्हा त्याआधीचा असेल तर जुनीच तरतूद लागते. तुरुंगात आधी काढलेले दिवसही शिक्षेतून वजा करून घ्या.

अपील दाखल झालं म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. शिक्षेला स्थगिती आणि जामीन यांचा अर्ज अपिलासोबतच द्या.

वकिलाला पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ठाणे किंवा तळोजा कारागृहात असलेला बंदी अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतो.