लांब चालायला निघताय? खाऊच्या या चुका टाळा

दर पावसाळ्यात इंदूरहून नव्या मुलांना घेऊन मी जानापाव, चोरल, पातालपाणीकडे चालायला जाते. पायांत बूट भारीतले, पिशवीत खायला मात्र नेमकं नको तेच.

पहिली चूक शेवेची. इंदूरकर घराबाहेर पडला की शेव आलीच. मीही रोज खाते. चढावर मात्र ती नको. गेल्या श्रावणात भाच्यानं जानापावला अर्धा किलो लवंगी शेव आणली, बाकी काही नाही. सकाळी पोहे-जिलबी झाली होती. वाटेत बकाणे भरून शेव खाल्ली, तोंड पेटलं आणि पाण्याच्या दोन्ही बाटल्या संपल्या. अकराच्या सुमारास तो दगडावर बसला. झाकण फिरवताना बोटं थरथरत होती.

"मावशी, पोट भरलंय, पण पायांत जीवच नाही."

खरंच होतं ते. जिलबीची साखर केव्हाच खर्च झालेली, आणि तेल-बेसन पचायला वेळ घेतं. मुलं वाद घालतात की शेवेत कॅलरी जास्त. बरोबर, स्निग्धांशात ग्रॅममागे 9 कॅलरी, साखरेत 4. पण चढताना पायांना लवकर मिळते ती साखरच. त्याला गुळाचा खडा आणि अर्धी दशमी सावकाश चावायला लावली, माझ्यातलं पाणी दिलं. वीसेक मिनिटांनी उठला.

म्हणून माझ्याकडे शेंगदाण्याची चिक्की असतेच. गूळ लगेच कामाला येतो, दाणे पुढे पुरतात. सोबत खजूर आणि दशम्या. कणीक दुधातच भिजवायची, गूळ आणि तुपाचं मोहन घालायचं, पाण्याचा थेंब नाही. "विकतचा एनर्जी बार घेतला की झालं" म्हणणाऱ्यांनी तो आधी घरी खाऊन बघावा. कोरड्या तोंडानं काही बार चावतसुद्धा नाहीत.

दुसरी चूक म्हणजे "वर पोचल्यावर निवांत खाऊ". भूक लागेपर्यंत थांबलात की उशीर झाला. मी दर पाऊण तासाला दोन घास खाते, भूक असो वा नसो. खाऊ कमरेच्या बटव्यात ठेवते. पिशवीच्या तळाशी असला की कंटाळ्यानं कुणी काढत नाही.

चॉकलेट अंगाच्या उबेनंच वितळतं. केळी सगळ्यात वर ठेवा.

आणि चिक्की पावसाळ्यात उघडी नेऊ नका. गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि दुपारपर्यंत तिचा चिकट गोळा होतो. एकेक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डबीत भरा.